पुढच्या खोलीचे दान

मुलुंड (पूर्व),
रविवार, दि. २९ जून २०२५

ज्यांच्या करुणेमुळे दुःखालाही अंत असतो हे आम्हा अज्ञजनांस उमगले त्या तथागतांस, त्यांनी उजळलेल्या धम्मास आणि त्या वाटेने चालणाऱ्या संघास प्रथम वंदन.

आयुष्मती मीरा हिस,
सुदामदादाचा सप्रेम जयभीम.

इकडे सर्व कुशल आहे. माझा रक्तदाब थोडा वाढलेला असतो, परंतु गोळी नियमित घेतो. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून पाली ग्रंथांतील बारीक टिपाही दिव्याखाली वाचता येतात. तुझे गुडघे कसे आहेत? चेंबूरच्या घराचा जिना तुला झेपत नसणार, ही चिंता मनात असते.

चार महिने होत आले, तू माझा फोन उचलत नाहीस. कारण मी जाणतो. मार्चमधल्या त्या बैठकीत विशाल तुला म्हणाला, "आत्या, तुमचं घर चेंबूरला आहे. इथलं भांडण कशाला अंगावर ओढून घेता?" त्या वेळी मी बाप म्हणून त्याला थांबवायला हवे होते. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत बसलो. आबांच्या मालमत्तेत तुझा वाटा माझ्याइतकाच आहे, आणि मधल्या भावाच्या मागे त्याच्या प्रबुद्धचाही तितकाच. हे मला सांगता येत होते, तरी मी सांगितले नाही. त्याबद्दल क्षमा माग, असे विशालला बजावले आहे. तो मागेल. आज मी मागतो.

आता घराविषयी. आबांनी कारखान्यातून सुटल्यावर स्वतःच्या हातांनी उभ्या केलेल्या चार खोल्यांना आता काही बळ उरलेले नाही. या पावसाळ्यात मागच्या खोलीत तीन ठिकाणी पातेली ठेवावी लागतात. विशाल, सून आणि दोन मुली त्या एका खोलीत राहतात. थोरली यंदा दहावीला आहे. ती स्वयंपाकाच्या ओट्यावर पाट ठेवून अभ्यास करते आणि भाकरी करायची वेळ झाली की उठते. प्रबुद्ध पोटमाळ्यावर झोपतो. त्याला ताठ उभे राहता येत नाही, आणि लग्नाचा विषय काढला की तो छताकडे बोट दाखवतो.

दोन्ही बाजूंच्या प्लॉटवाल्यांनी बिल्डरला होकार दिला आहे. मधला तुकडा आपला. आपण नाही म्हटले तर त्यांचेही अडते, हे ते रोज मला रस्त्यात थांबवून ऐकवतात. तिन्ही प्लॉट मिळून सोळा मजली इमारत व्हायची आहे. आपल्या तिघांना तीन स्वतंत्र घरे मिळतील. तुझे घर तू भाड्याने दे किंवा येऊन राहा, तो तुझा अधिकार. बिल्डरचा माणूस हर्षद याने नकाशा आणून दाखवला. मुलगा हुशार आहे. बोलता बोलता माझ्या पाया पडतो, ते मला आवडत नाही. नकाशात रस्त्याच्या बाजूला, जिथे आज वंदनेची पुढची खोली आहे तिथे, फाटक आणि पहारेकऱ्याची चौकी येते. "गाडी आत यायला दुसरीकडून जागाच नाही, काका," तो म्हणाला. "आणि मूर्ती काय, सोसायटीच्या ऑफिसात ठेवा ना. कोण नको म्हणतंय?"

पुढच्या खोलीबाबत कागदोपत्री जी अडचण होती ती दूर झालेली आहे. कशी, ते सविस्तर भेटीत सांगेन. तू त्याची काळजी करू नकोस.

तू विचारशील म्हणून लिहितो, या हंगामात मी लग्ने फारशी लावली नाहीत. तिघांना नकार दिला. घसा बसतो. रविवारची वंदना वस्तीतल्या प्रेमाबाईच घेतात. त्या माझ्यापेक्षा वेगाने म्हणतात, पण मुलांना त्यांचे म्हणणे आवडते. प्रबुद्धही हल्ली माझ्याशी कमी बोलतो. जेवायला खाली येत नाही, डबा वर नेतो. कोर्टाजवळच्या त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाचा ताण असावा.

सोबत संमतिपत्र जोडले आहे. तीन ठिकाणी फुली केली आहे, तिथे सही करून पंधरा जुलैच्या आत पाठव. हर्षद म्हणतो, त्यानंतर त्याची कंपनी ही जागा सोडून दुसरा विचार करेल. मुदती ही माणसे नेहमीच घालतात, परंतु थोरलीच्या अभ्यासाला मुदत कोण घालणार?

बैठकीनंतर फाटकापाशी तू मला एक प्रश्न विचारला होतास. "दादा, तू कुठे काही सही तर केली नाहीस ना?" मी म्हणालो, अद्याप काहीच ठरलेले नाही. ते उत्तर तुझ्याजवळ आहेच.

पत्राचे उत्तर पत्रानेच दिलेस तरी चालेल. आवाज ऐकला की दोघांचेही बोलणे बिघडते.

तुझा,
दादा

——

चेंबूर,
४ जुलै

दादा, जयभीम.

पत्र मिळालं. पाली, मोतीबिंदू, पातेली, सगळं वाचलं. "थोडा वाढलेला" म्हणजे किती ते आकड्यात लिही. तेहेतीस वर्षं वॉर्डात काढलीत मी, मला असलं साहित्य नको. विशालचं मी कधीच सोडून दिलं रे, राग होता तो तू गप्प बसलास त्याचा. तोंडाने फाटका आहे, मनाने नाही. आणि आजी म्हणून सांगते, पोरीला ओट्यावरून उठवू नका, भाकरी बाहेरून आणा.

आता मुद्द्याचं. खाली बसून वाच.

प्रेमाबाईंनी माहितीच्या अधिकारात पालिकेतून आपल्या प्लॉटच्या फायलीची नक्कल काढली. त्यात एक प्रतिज्ञापत्र निघालं. तुझ्या नावाचं! "पुढील खोली कुटुंबाच्या खाजगी वापरात असून ती कोणत्याही वेळी कोणासही दान देण्यात आलेली नाही." खाली तुझी सही. आठ फेब्रुवारीची तारीख.

प्रेमाबाईंनी मला मंगळवारी ते दाखवायला आणलं. मी वाचलं आणि खरं सांगते, हसले. म्हटलं, बाई गं, हे लिहिणाऱ्याला आमचा दादा माहीतच नाही. आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला आबांचा आवाज फुटेना, तेव्हा उभा राहून बोलला कोण? तू! "आमच्या आईच्या स्मृतीत ही खोली आजपासून वस्तीची." मी सतरा वर्षांची होते, हातात खिरीचं पातेलं होतं. सगळे तीनदा साधु म्हणाले आणि माझ्या हातातला डाव पडला. तो माणूस असं लिहून देईल? प्रेमाबाईंबरोबर आलेल्या सगळ्या बायकांसमोर मी सांगितलं, माझा दादा हात तोडून देईल, असली सही देणार नाही. सही खोटी आहे.

मग खोटी केली कोणी? खाली ओळख देणारा म्हणून नाव बघ. प्रबुद्ध ओव्हाळ! टायपिंगचं दुकान त्याचंच, नोटरी बाजूलाच. तुझ्या सह्या त्याने लहानपणापासून प्रगतिपुस्तकावर बघितल्यात. मी फोन केला. म्हटलं, "काय रे, हे काय केलंस?" तर म्हणतो, "आत्या, काकांना विचारा." बस, एवढंच. तीनदा विचारलं, तीनदा तेच. पोटमाळ्यावर ठेवून घेतलं, शिकवलं, आणि पोरानं वाट लावली आपल्या नावाची.

गुरुवारी पौर्णिमा आहे. वंदना झाली की आम्ही सगळ्या इथून, तिथून मिळून पोलीस ठाण्यात जाणार. तक्रारीवर सही माझी. मला मजा नाही येत रे, भावाचा मुलगा आहे. पण सोडलं तर उद्या घरही विकेल. तू फक्त ये आणि सांग, ही माझी सही नव्हे. तुझ्या एका शब्दावर काम संपेल.

तुझं संमतिपत्र माझ्या गादीखाली आहे. खोलीचं झाल्याशिवाय फुल्यांवर काही होणार नाही.

बीपीचा आकडा लिही.

मीरा

——

मुलुंड (पूर्व),
बुधवार, दि. ९ जुलै २०२५

मीरा,

ती सही माझी आहे.

वंदन लिहून मग हे लिहावे असा क्रम मनात होता. तीन वेळा तसा कागद सुरू केला आणि तिन्ही वेळा वंदनाचा परिच्छेद लांबत गेला. म्हणून आज हे आधी. प्रतिज्ञापत्र मी दिले. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही, कोणी माझी सही गिरवली नाही. प्रबुद्धने कोणताही अपराध केलेला नाही. तू पोलीस ठाण्यात जाऊ नकोस.

आता घडले तसे सांगतो.

जानेवारीत हर्षद आला आणि म्हणाला की पुढच्या खोलीत वस्तीची वंदना होते हे पालिकेच्या कोणाच्या तरी कानावर गेले आहे, आणि ते तसे नोंदले गेले तर नकाशा मंजूर होणार नाही. "दानाचा कागद आहे का, काका?" त्याने विचारले. मी म्हणालो, नाही. "मग दान झालंच नाही ना. तेवढंच लिहून द्या." मी त्याला उत्तर दिले नाही. परंतु पुढचे आठ दिवस मी ते उत्तर शोधत राहिलो, आणि ज्याने आयुष्यभर ग्रंथ उलगडले त्याला हवे ते शोधून काढणे अवघड जात नाही. मी मनाशी मांडणी केली की देणाऱ्याच्या मालकीचा कागद बदलला नाही तर देणे अपुरे राहते. आबांनी तर धाकट्या दोघा भावंडांना विचारलेही नव्हते. आणि अपुरे देणे म्हणजे न देणे. विद्या अशीही उपयोगी पडते, मीरा. लोभाला ती भाषा पुरवते.

आठ फेब्रुवारीला सकाळी मी नोटरीकडे गेलो. ओळख देणारा कोणी हवा, असे तिथे सांगितले. बाजूच्या दुकानातून प्रबुद्धला बोलावले. मजकूर त्याला दिसू नये म्हणून मी त्यावर माझी वर्तमानपत्राची घडी ठेवली आणि खालची ओळ तेवढी उघडी ठेवली. "इथे सही कर," मी म्हणालो. त्याने केली. त्याने मला कधी कशाचे कारण विचारलेले नाही.

त्याच दिवशी सायंकाळी भांडुपला एका मुलीचे लग्न लावायचे होते. शुभ्र वस्त्रे घालून मी उभा राहिलो. वधूवरांना पंचशील देताना चौथ्या शीलापाशी आलो. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे ते वचन मी म्हटले, आणि माझ्यामागून त्या दोन कोवळ्या जिवांनी ते विश्वासाने उच्चारले. मला खोकला आला नाही, घसा बसला नाही. माझा आवाज नेहमीसारखाच स्वच्छ होता, आणि तेच मला असह्य झाले. त्यानंतर मी एकही लग्न लावले नाही. घशाचे तुला लिहिले ते खोटे होते.

फाटकापाशी तू विचारलेस तेव्हा सही होऊन बावीस दिवस झाले होते.

तुझे पत्र शनिवारी आले. मी ते पुस्तकात ठेवून दिले आणि तीन दिवस स्वतःला सांगत राहिलो की गुरुवार अजून दूर आहे. एवढेच नव्हे, मीरा. सोमवारी दुपारी काही क्षण असे गेले की मी तुझ्या पत्रातल्या वाटेचा विचार केला. "ही माझी सही नव्हे" एवढे चार शब्द. प्रतिज्ञापत्र रद्द होईल, खोली वाचेल, माझे नाव राहील, आणि एका मुलाचे नाव जाईल, ज्याला बाप नाही. हा विचार माझ्या मनात आला, थोडा वेळ थांबला आणि मी त्याला बसायला जागा दिली. हे तू जाणून घ्यावेस. प्रतिज्ञापत्रापेक्षा हे मला जड आहे.

मंगळवारी मी पोटमाळ्याची शिडी चढलो. प्रबुद्ध डबा खात होता. मी म्हणालो, "तुझ्यावर माझ्यामुळे आळ आला. मी तुला मजकूर दाखवला नव्हता."

तो म्हणाला, "काका, मजकूर मला माहीत होता. टाइप माझ्याच दुकानात झाला. हर्षदनं आदल्या दिवशी दिला होता."

मी विचारले, "मग सही का केलीस?"

"मी फक्त ओळख दिली. हे सुदाम ओव्हाळ आहेत, एवढंच. ते खरंच होतं ना?"

"आणि आत्याने विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"ते माझं सांगायचं नव्हतं. वाटलं, तुम्ही सांगाल." मग डब्याचे झाकण लावत म्हणाला, "जरा जास्तच वेळ लावलात. आत्या फोनवर एवढी चिडली होती, मी दोन दिवस फोन बंद ठेवला."

तो हसला. मला हसता आले नाही. छत इतके खाली होते की दोघेही बसूनच होतो.

आज सकाळी मी नोटरीकडे जाऊन नवे प्रतिज्ञापत्र केले. पहिले असत्य होते, खोली सन १९८४ मध्ये आईच्या स्मृतीत वस्तीला दिली गेली, ती घोषणा मी स्वतः केली, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पालिकेत ते दाखल केले. पोचेची प्रत सोबत आहे. खोट्या प्रतिज्ञेबद्दल कायद्याने जे होईल ते माझे एकट्याचे असेल. नंतर हर्षदला फोन केला. या वेळी त्याने काका म्हटले नाही. "ओव्हाळसाहेब, तुम्ही तिन्ही प्लॉटची वाट लावलीत," असे म्हणून त्याने फोन ठेवला. बिल्डर येईल की जाईल, मला ठाऊक नाही. बहुधा जाईल. शेजारचे दोघे दुपारपासून माझ्याशी बोलत नाहीत.

विशालला घरी आल्यावर सांगितले. तो बराच वेळ बूट काढत राहिला. मग म्हणाला, "बाबा, चाळीस वर्षं लोकांना शील वाटलंत. आमच्या वाट्याला ही पातेली." त्याच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. थोरली ओट्यावरून पाट उचलून शांतपणे बाजूला झाली. तिच्या त्या शांतपणाचा मी देणेकरी आहे आणि ते कसे फेडावे हे मला आज माहीत नाही.

घराबद्दल माझा निर्णय असा. आधी पुढच्या खोलीचे रीतसर दानपत्र नोंदवायचे, आपल्या तिघांच्या सह्यांनी. त्यानंतर उरलेल्या जागेवर जे बांधता येईल ते बांधायचे. प्रबुद्ध म्हणतो, शेजाऱ्यांना वगळून आपण स्वतःच चार मजली घर उभारू शकतो, खोली तळमजल्यावर तिथेच ठेवून. त्याने तसे कागद पूर्वीच काढून ठेवले होते, विचारायला कोणी गेले नाही. वेळ लागेल. कदाचित मी ते पाहणार नाही. विशालला हे मान्य नाही, आणि त्याला मान्य व्हावे असे बोलण्याचे बळ आज माझ्यात नाही. तू बोल. तुझे तो ऐकतो. गादीखालचे संमतिपत्र फाडून टाक.

आणखी एक मागणे आहे. प्राचीन संघात पौर्णिमेला भिक्षू एकत्र बसत, तेव्हा पाठ सुरू होण्याआधी ज्याच्या हातून दोष घडला असेल त्याने तो सांगावा असा दंडक होता. जो गप्प राहील तो शुद्ध आहे असे सर्वांनी समजायचे. हा नियम मी त्या खोलीत किती आषाढ पौर्णिमांना समजावून सांगितला असेल! फेब्रुवारीपासून पाच पौर्णिमा मी त्याच खोलीत गप्प बसलो, आणि सर्वांनी मला शुद्ध मानले. तूही मानलेस, आणि त्या विश्वासावर एका निरपराध्याला दोषी ठरवायला निघालीस.

म्हणून उद्या वंदनेआधी हे पत्र तू सर्वांसमोर वाच. सगळे वाच, सोमवार दुपारसुद्धा. मी स्वतः वाचले तर शब्द सजवीन, ती माझी सवय आहे. तू जशी बोलतेस तशी वाच. मी दाराशी, चपलांजवळ बसेन. पंचशील प्रेमाबाई देतील आणि मी इतरांबरोबर ते घेईन. ज्यांची लग्ने मी लावली त्यांपैकी कोणाला काही विचारायचे असेल तर त्यांनी विचारावे.

पत्र प्रबुद्ध घेऊन येत आहे. पाकीट उघडे आहे, आणि वाचून मगच निघ असे मी त्याला सांगितले आहे. त्याला आत घे. आधी जेवू घाल, मग क्षमा माग. मला क्षमा करायची की नाही हे तू सावकाश ठरव.

रक्तदाब आज सकाळी एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली शंभर.

प्रतिज्ञापत्रावरची सही ज्याची होती, त्याचीच ही खालची सही आहे.

सुदाम धोंडिराम ओव्हाळ
तुझा दादा

हे पत्र जे वाचतील आणि उद्या जे ऐकतील, त्यांना आपल्या घरात ताठ उभे राहता येईल एवढी जागा लाभो. दिलेले परत घेण्याचा मोह त्यांना न शिवो, आणि शिवलाच तर ते वेळेवर बोलण्याचे धैर्य त्यांच्या जिभेवर येवो. ज्यांच्यावर खोटा आळ आला त्यांचे मन निवळो. लहानथोर, आप्त, शेजारी, रागावलेले आणि दुरावलेले, सर्वांचे मंगल होवो.